लोह्याहून आलेलं ग्राफिक्स कार्ड

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक कॉम्प्युटर आपोआप बिघडलेला असतो. कुणी त्याला हात लावलेला नसतो, कुणी काही सांडलेलं नसतं, कुणी काही डाउनलोड केलेलं नसतं. कीबोर्डातून चहापत्ती निघते आणि समोरचा माणूस शपथेवर सांगतो की आमच्या घरात चहा कुणी पीतच नाही. एका वकीलसाहेबांच्या मशीनमधून मी मेलेली पाल काढून त्यांच्यासमोर कागदावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट न्याहाळली आणि म्हणाले, "ही आमची नाही. तुमच्या दुकानातली असेल."

या धंद्यात राहून माणूस संशयी होतो. गिऱ्हाईक मशीन ठेवून जिना उतरतं तेव्हा त्याच्या मनात एकच विचार असतो, ही बाई आतला चांगला माल काढून हलका बसवणार. आणि मी पॅनल उघडते तेव्हा माझ्या मनात असतं, याने जे सांगितलं त्यातलं नेमकं खोटं काय? त्यात मी बाई. "मिस्त्री कुठं गेलेत?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. "मीच," म्हटलं की माणूस मशीन जरा आपल्याकडे ओढून घेतो. गाव कुठलं, आडनाव काय, हे विचारून झाल्यावरच मशीन टेबलावर ठेवणारेही आहेत. गाव कंधार, आडनाव हे, काम बघायचं तर बघा, नाही तर जिना तिकडं आहे, एवढं बोलायला मी वयानं शिकले.

शिक्षण आयटीआयचं. पहिली नोकरी लातूरला, एका कॉम्प्युटरच्या दुकानात. क्लासच्या पोरांना आणि छोट्या ऑफिसांना स्वस्तातली मशीनं जोडून द्यायचं काम. मग लग्नानंतर नांदेडला आले आणि एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेजारी झेरॉक्सवाला, समोर मोबाइलची कव्हरं विकणारा. तिथं जे आजवर पाहिलं त्यातलं एक प्रकरण सांगते. ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

दिगंबरराव पहिल्यांदा आले ते सकाळच्या बसने, लोह्याहून. सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. हमालाला दिला नव्हता. चादर सोडली तर कॅबिनेटच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका.

"हे काय?" मी विचारलं.

"नेलपॉलिश हाय. स्क्रू फिरला की खूण मोडते. हे निघताना लावलं, आतल्या प्रत्येक पार्टावर तर मशीन आलं तवाच लावलंय. तुमच्यावर संशय न्हाई बाई, पण आपली एक पद्धत."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या हातांकडे तोंड करून बसले.

तक्रार अशी होती. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. सून रोहिणी लोह्यात त्यांच्याजवळ. ती मूळची चाकूरची, लातूरला बांधकामाचा डिप्लोमा केलेली. लातूरचे एक इंजिनियर तिला घरांचे नकाशे पाठवायचे आणि ती त्यावरून बांधून झाल्यावर घर कसं दिसेल, त्याचं रंगीत चित्र कॉम्प्युटरवर तयार करून द्यायची. भिंतीचा रंग, खिडकीची सावली, अंगणातलं झाड, सगळं. तर असं चित्र अर्ध्यात आलं की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटायचे आणि मशीन बंद पडायचं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं चित्र काढायचं काम करणारा एक वेगळा भाग बसवता येतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. वहीएवढं लांब, वर पंखे, पंख्यांखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि त्याखाली खरी करामत करणारी एक चौकोनी चिप. या चिपेने किती वेगाने काम करायचं हे कंपनी ठरवून देते. पण एका छोट्या सॉफ्टवेअरमधून तो वेग वाढवता येतो. पडद्यावर एक पट्टी असते, ती माउसने उजवीकडे सरकवायची. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. फुकटात काम जलद होतं, म्हणून स्वस्तातलं मशीन असलेल्यांना त्याचा मोह जास्त. पण वेग वाढला की चिप तापते, वीज जास्त खाते, आणि स्वस्तातल्या मशीनचा पॉवर सप्लाय आणि पंखे तेवढे ताकदीचे नसतात. मग चौकोन उमटतात, पडदा काळा होतो, आणि माणूस माझ्याकडे येऊन सांगतो की मशीन आपोआप बिघडलं.

मी बाजूचं पॅनल उघडलं, मशीन सुरू केलं, आणि ते सॉफ्टवेअर तिथं बसलेलं दिसलं. पट्टी बरीच उजवीकडे होती.

"हा वेग कुणी वाढवला?"

"कसला वेग?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आमच्यात कुणी असलं करत न्हाई. मी फक्त रेल्वेचं रिझर्वेशन बगतो. आणि सून तिचं काम करते. तिला ह्यातलं काय कळतंय?"

मी म्हटलं, लावा तिला फोन. त्यांनी लावला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, मी काही केलेलं नाही," रोहिणी म्हणाली. पण म्हणण्याच्या आधी ती जरा थांबली होती. ते थांबणं मी ओळखते. चहापत्तीवाले पण तसेच थांबतात.

मला राग आला नाही. सासऱ्यासमोर कुठली सून फोनवर कबूल करेल? मी वेग मूळच्या जागी आणला, धूळ झाडली, बराच वेळ चाचणी लावून ठेवली. मशीन चाललं. दिगंबररावांनी घरी नेण्याआधी स्क्रूंवर पुन्हा ठिपके दिले. बाटली ते सोबतच घेऊन आले होते.

आठवडाभरात ते परत दारात उभे. तेच चौकोन, तोच काळा पडदा. मी आत पाहिलं. वेग मी ठेवला होता तिथंच होता, कुणी हलवला नव्हता. इथं मी गोंधळले. सुनेने पुन्हा पट्टी सरकवली असणार, अशी माझी खात्री होती आणि ती खोटी ठरली. वाढलेल्या वेगाने कार्ड आधीच पोळलं असेल, असं म्हणून मी कार्ड बाहेर काढलं.

कार्ड टेबलावर ठेवते तोच दिगंबरराव स्टुलावरून उठले. त्यांनी वाकून कार्डाच्या मागच्या चार स्क्रूंकडे पाहिलं.

"हा रंग माझा न्हाई."

"काय?"

"माझी लाली लालभडक होती. ही काळपट हाय. हे स्क्रू कुणीतरी खोलले आणि दुसरी लाली लावली." ते सरळ उभे राहिले. आवाज चढला. "कार्ड बदललंय बाई तुम्ही!"

"तुम्ही समोर बसून होता. मी कार्डाला हातसुद्धा लावला नव्हता मागच्या वेळी."

"मी पाणी प्यायला गेलतो की खाली!"

झेरॉक्सवाला दारात आला. कव्हरवाला आला. त्याच्याकडची दोन गिऱ्हाइकं आली. दुरुस्तीच्या धंद्यात 'पार्ट बदलते' हे एक वाक्य गावात फिरलं की दुसरं काही फिरावं लागत नाही. मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "आबा, आत्ता तुमच्यासमोर हे कार्ड खोलते. सगळ्यांसमोर. या, सगळेच या."

मी स्क्रू काढले, पंखे आणि पट्ट्यांचा भाग उचलला. चिपेवर पांढरी पेस्ट असते, उष्णता पट्ट्यांपर्यंत न्यायला. पेस्ट ताजी होती. म्हणजे अलीकडे कुणीतरी हे उघडलं होतं, त्यांचं तेवढं खरं होतं. मी स्पिरिटने पेस्ट पुसली. खालून चिपेवरची अक्षरं वर आली.

ती मी दोनदा वाचली.

कार्डावरचं स्टिकर सांगत होतं एक मॉडेल. कॉम्प्युटरमध्ये नावही तेच दिसत होतं. चिपेवरची अक्षरं मात्र किती तरी जुन्या, दमलेल्या मॉडेलची होती. हा बाजारातला एक धंदाच आहे. जुनं भंगारातलं कार्ड घ्यायचं, त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये नव्या मॉडेलचं नाव भरायचं, वर नवं स्टिकर लावायचं. कॉम्प्युटर बिचारा जे नाव सांगितलं तेच दाखवतो. हलकं काम असेल तर चालतंही. भारी काम आलं की आधी संथ, मग चौकोन.

"हे कार्ड नकली आहे," मी म्हटलं. "स्टिकरवर एक, आत दुसरंच."

आणि मला वाटलं होतं, आता माझी सुटका झाली. दिगंबररावांनी टाळी वाजवली.

"तेच तर मी म्हणून राहिलो मघापासून! माझं कार्ड ओरिजिनल होतं. तुमच्याकडं आलं आणि नकली झालं!"

झेरॉक्सवाला माझ्याकडे बघेना. इतकी वर्षं शेजारी, रोज एकत्र चहा, पण त्याच्याही मनात त्या क्षणी काहीतरी हललं, ते मला दिसलं. मी हातातला कपडा खाली ठेवला. खरं सांगितलं होतं आणि तेच माझ्या गळ्यात पडलं होतं.

"कार्ड कुठून घेतलंत?" मी विचारलं.

"लातूरवरनं. माझा भाचा बालाजी हाय तिथं, त्यानं आणून दिलंय. त्याच्या जोरावर तर मी कॉम्प्युटर घेतला."

"त्याला फोन लावा."

त्यांनी लावला, आणि स्पीकरवर. बालाजीला काय झालं ते सांगितलं. पलीकडून उत्तर यायला क्षणाचाही वेळ लागला नाही.

"मामा, मी तर सीलबंद दिलं होतं. दुकानातच बदललं असणार. नांदेडला हे लई चालतंय. तुम्ही सोडू नका त्या बाईला."

मला ते फार लवकर आल्यासारखं वाटलं. जो माणूस खरंच चकित होतो तो आधी 'काय?' म्हणतो, 'कसं काय?' म्हणतो. पण माझ्या वाटण्याला तिथं कोण विचारतं? आणि मी तरी किती खरी? फोनवर थांबली म्हणून मी सुनेवर संशय घेतला होता, आता थांबला नाही म्हणून भाच्यावर घेत होते.

"बालाजीवर बोलायचं काम न्हाई," दिगंबरराव मला म्हणाले. मी काही बोललेही नव्हते. "माझ्या बहिणीचं लेकरू हाय. बहीण गेली तवा माझ्या घरात वाढलं. माझ्या ताटात जेवलंय."

त्यांनी पोलिसात जातो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, जा. पण जाण्याआधी एक करा. ज्या घरात कार्ड होतं त्या घरातल्या माणसाला घेऊन या. रोहिणीला. पेस्ट ताजी आहे आणि लाली दुसरी आहे, याचं उत्तर तुमच्या घरातही असू शकतं. ते भडकले, पण कबूल झाले. निघताना कार्ड माझ्याकडे ठेवायला तयार होईनात. स्वतः न्यावं तर उद्या मी म्हणेन की त्यांनीच बदललं, हेही त्यांच्या डोक्यात आलं. शेवटी बुटांच्या खोक्यात कार्ड घातलं, चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही केली, आणि खोकं झेरॉक्सवाल्याच्या हातात दिलं.

"तुमच्याकडंबी न्हाई, माझ्याकडंबी न्हाई," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मला ती पद्धत आवडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रोहिणीला घेऊन आले. सडपातळ, पंचविशीतली, डोक्यावरून ओढणी, हातात मोबाइल घट्ट धरलेला. माझ्याकडे पाहून तिने नमस्कार केला आणि नजर खाली घातली. मला वाटलं, हिने आज पण 'मी काही केलं नाही' म्हटलं की माझं दुकान संपलं.

झेरॉक्सवाल्याने खोकं आणलं. दिगंबररावांनी आपली सही उजेडात धरून तपासली, मगच पट्टी कापली. कार्ड टेबलावर ठेवलं.

"बघ. हे आपलं हाय का? ह्या बाईनं बदललंय."

रोहिणी कार्डाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आबा, ताईंनी बदललेलं नाही. हे आपलंच आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"आहे ठाऊक."

"ह्या बाईनं फोन केलता तुला?"

"नाही."

दिगंबररावांनी खिशातला रुमाल काढला आणि उघड्या चिपेवर टाकला. पार झाकून टाकली. "मग सांग, आत काय लिहिलंय?"

मला वाटलं, ते तिला अडवण्यासाठी म्हणतायत. पण रोहिणीने डोळे मिटल्यासारखे केले आणि सांगायला लागली. वरच्या ओळीत अमुक अक्षरं. खालच्या ओळीत आकडे, शेवटी के आणि तीन. मी रुमालाखाली वाकून पाहिलं नाही, मला ते पाठच होतं. बरोबर होतं.

"ते तर फोनवर सांगता येतंय," दिगंबरराव म्हणाले. "आकडेच तर हाईत."

रोहिणीचा चेहरा उतरला. ती क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, तुम्ही चिपेची डावी कड पाहिली का?"

"नाही."

"आबा, डाव्या कडेला बारीक ओरखडा आहे. तिरका. जुनी पेस्ट खरवडताना माझ्याच हातनं झाला. माझ्याकडं स्पिरिट नव्हतं, मी एटीएम कार्डानं खरवडली." ती थांबली. "मी उघडलं होतं आबा. मीच. तुमची लाली मोडली म्हणून माझी लावली. तुमच्यासारखी सापडली नाही."

दिगंबररावांनी रुमाल उचलला नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी भिंग दिलं. मग त्यांनी रुमाल काढला आणि भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिले. ओरखडा होता. पेस्टच्या उरलेल्या पांढऱ्या रेघेखाली, नखाच्या धारेएवढा. मी स्वतः पेस्ट पुसूनही तो पाहिला नव्हता.

"कामून उघडलंस?" त्यांनी विचारलं. आवाज आता वेगळा होता.

मग ती बोलली. तिच्या लातूरच्या मैत्रिणीकडे याच नावाचं कार्ड होतं. तिचं चित्र चहा होईपर्यंत तयार, हिचं दुपारभर चालायचं. इंजिनियरसाहेब म्हणायला लागले होते की काम दुसऱ्या कुणाला देतो. तिला वाटलं, धूळ असेल. झाडली. मग वाटलं, पेस्ट वाळली असेल. मोबाइलवर व्हिडिओ पाहून, सासरे बँकेत गेले असताना, कार्ड उघडून नवी पेस्ट लावली. तरी तेच. मग वेग वाढवला. थोडे दिवस बरं चाललं, मग चौकोन यायला लागले. अजून वाढवला.

"मला वाटलं, मीच जाळलं ते," ती म्हणाली. "वेग मी वाढवला म्हणून जळलं. तुम्ही बालाजीभाऊंना इतकं मानता, त्यांनी आणून दिलेली वस्तू मी बिघडवली असं होऊ नये म्हणून बोलले नाही. काल रात्री तुम्ही म्हणालात की बाईनं नकली टाकलं, तेव्हा ती अक्षरं आठवली. मला वाटलं होतं ते कंपनीचे कसले तरी आकडे असतील."

मी म्हटलं, "तू काही जाळलं नाहीस. ते कार्ड तुझ्याकडे आलं तेव्हाच जुनं होतं. त्याचा वेग वाढवला काय, न वाढवला काय, त्याच्याकडून ते काम होणारच नव्हतं."

असा दिलासा मी पहिल्यांदाच कुणाला दिला असेल. आजवर मी हजारदा गिऱ्हाइकांना वेग वाढवू नका म्हणून ओरडले असेन. इथं वेग वाढवल्यामुळेच ते कार्ड उघडं पडलं होतं. तिने पट्टी सरकवली नसती, तर ते मशीन आणखी वर्षभर संथ चाललं असतं आणि तिचं काम गेलं असतं, कुणाला कारणही कळलं नसतं.

दिगंबरराव स्टुलावर बसले. झेरॉक्सवाला हळूच निघून गेला. मग ते म्हणाले, "म्हंजे हे आलंच असं होतं."

"हाव," मी म्हटलं.

"लातूरवरनंच असं आलं."

त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. माफी वगैरे मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. जाताना दारात उभं राहून कव्हरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईचं काही न्हाई. आमच्या घरचंच होतं." माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. रोहिणी मागे वळून माझ्याकडे पाहत जिना उतरली.

पुढच्या महिन्यात ते दोघं पुन्हा आले, दुसरं कार्ड घ्यायला. नवं परवडणारं नव्हतं. माझ्याकडे एका ऑफिसातून निघालेलं चांगलं वापरातलं कार्ड होतं. मी ते मशीनमध्ये लावायला घेतलं, तर दिगंबरराव स्टुलावर बसलेच नाहीत. रोहिणीला म्हणाले, "तू बग. मला ह्यातलं कळत न्हाई," आणि खाली चहाच्या टपरीवर गेले.

रोहिणी स्टुलावर बसली. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, राग नका मानू. चिप दाखवता का?"

खरं तर मला क्षणभर लागलं. एवढं सगळं होऊनही? पण मी स्क्रू काढले, पेस्ट पुसली, तिने अक्षरं मोबाइलमध्ये शोधून ताडून पाहिली. मग नवी पेस्ट तिनेच लावली, आणि चांगली लावली.

चाचणी चालू ठेवून मी खाली गेले. दिगंबरराव बाकावर बसले होते. मी शेजारी बसले आणि जे विचारू नये ते विचारलं. "आबा, भाच्याला विचारलंत का?"

"न्हाई."

"का? त्यालाही कुणी फसवलं असेल. किंवा..."

"किंवा," ते म्हणाले. मग चहाचा कप बाकावर ठेवला. "बाई, माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. कंधार, लोहा, मुखेड, गावोगाव साखळी वढली. भावाभावांचे बांध मोजले. सगळे खोटं बोलायचे, दगड सरकवायचे. मी कुणावर इस्वास ठेवला न्हाई म्हून माझी एक मोजणी कधी चुकली न्हाई. पण मोजणी झाली की जमिनीचं बरोबर व्हायचं, आणि ते दोघं भाऊ त्या दिवसापासून एकमेकांच्या दारात जायचे न्हाईत. एकबी जोडी मला अशी दिसली न्हाई." त्यांनी कप पुन्हा उचलला. "बालाजीला विचारलं की त्यो काहीतरी सांगणार. मग ते खरं का खोटं, मला मोजावं लागणार. ते न्हाई करायचं मला."

माझ्या मते त्यांनी विचारायला हवं होतं. आजही हवं होतं असंच वाटतं. असला माल विकणाऱ्याने आणखी किती घरांत ते चौकोन पाठवले असतील, कोण जाणे. पण ती बहीण त्यांची होती, माझी नव्हती.

रोहिणी आता कामासाठी अधूनमधून नांदेडला येते तेव्हा दुकानात डोकावते. लातूरच्या इंजिनियरसाहेबांचं सगळं काम तिच्याकडेच आहे, आणि कार्डाचा वेग ती अजूनही वाढवते, थोडासा, मला विचारून. दिवाळीनंतर आली तेव्हा तिने सांगितलं की बालाजी घरी आला होता, फराळाला.

"मी काम करून राहिले होते. ते आत आले, पडद्याकडं बघून म्हणाले, वा वहिनी, आता तर मस्त पळायलंय की मशीन. तोवर आबा पण येऊन दारात उभे राहिले. म्हणाले, पळंल न्हाई तर काय? तूच आणून दिलेलं कार्ड हाय."

"मग?" मी विचारलं. "बालाजी काय म्हणाला?"

"काही नाही. बशीतली करंजी घेतली आणि खात राहिले." रोहिणी जरा थांबली. "ताई, कॅबिनेटला काचेचं पॅनल आहे. आतलं सगळं दिसतंय. जुन्या कार्डाला दोन पंखे होते, ह्याला एकच. ते माझ्या शेजारी उभे होते, पण तिकडं त्यांनी एकदापण बघितलं नाही."